तेरा दिवस की नंतरचे दिवस? जोडीदाराचे वडील गेल्यावर रजा कधी टाकावी

बायकोचे वडील गेलेत. तिचं माहेर पाच-सहा तासांच्या वाटेवर आहे आणि तुमच्या खात्यावर दहाच रजा शिल्लक आहेत. जोडीदाराच्या आईवडिलांसाठी दुखवट्याची वेगळी रजा आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी मिळते, त्यामुळे असल्या वेळीही हा हिशोब करावाच लागतो.

वाटा दोन. एक, तेराव्यापर्यंत तिथंच थांबायचं. दुसरी, अंत्यविधी आणि सावडणं झालं की परत यायचं, दहाव्याला आणि तेराव्याला जायचं आणि उरलेली रजा ती घरी परतल्यावर वापरायची. सासरे गेले तेव्हा मी पहिली वाट धरली. आज धरली असती ती दुसरी.

तेरा दिवसांचं घर आठवून बघा. सकाळपासून सतरंजीवर माणसं बसलेली असतात, चूल बंद असली तरी शेजारून डबे येतात. भेटायला येणारा प्रत्येक जण "कसं झालं?" विचारतो आणि ती शेवटच्या रात्रीची हकिकत पुन्हा पहिल्यापासून सांगते. मला आधी या विचारण्याचा राग यायचा. मग लक्षात आलं की सांगता सांगताच ते तिला थोडं थोडं खरं वाटू लागलं होतं. रात्री ती आई आणि आत्यांच्या मध्ये झोपायची. तिला धरून ठेवायला तिथं पुष्कळ हात होते.

आणि मी? मी जावई. मला खुर्ची मिळायची, चहा आधी मिळायचा. घरात सुतक असताना बायकोला माझ्या जेवणाची काळजी पडलेली असायची. भेटायला येणाऱ्यांना बसवणं, मंडपवाल्याला फोन करणं, बाहेरगावच्या नातेवाइकांना स्टँडवरून आणणं, एवढं मी केलं. ते कुणीही केलं असतं. तिच्याशी दिवसाकाठी दोन वाक्यं बोलणं व्हायचं.

अपवाद दहाव्याचा. पिंडाला कावळा शिवेना. मेहुण्यानं सांगून पाहिलं, काकांनी पाहिलं. शेवटी ती पुढे झाली आणि "आईला एकटं पडू देणार नाही" म्हणाली. कावळा आला. तुमचा यावर विश्वास असो वा नसो, तिथून मागे वळल्यावर तिला तुम्ही दिसलेच पाहिजेत. दहावा चुकवू नका. पण त्याला एक दिवसाची रजा लागते, तेरा दिवसांची नाही.

ती घरी आली तेव्हा माझ्याकडे एकही रजा उरली नव्हती. तिच्या ऑफिसातल्यांनी दोन दिवस विचारपूस केली, मग सगळे आपापल्या कामाला लागले. तिचे वडील दरवर्षी घरच्या शेतातली तूरडाळ पाठवायचे. एक दिवस डाळीचा डबा तळाला गेला. मी सहज म्हणालो, येताना दुकानातून आणतो. ती नको म्हणाली आणि डबा मांडीवर घेऊन स्वयंपाकघरातच बसली. तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते आणि मला नवाची गाडी गाठायची होती. मी गेलो. तो दिवस मला घरी हवा होता.

कामंही याच काळात निघतात. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते, ती बहुधा तेराव्याच्या आतच कुणीतरी उरकतं. बँक, सासूबाईंची फॅमिली पेन्शन, सातबाऱ्यावरची वारसनोंद हे सगळं नंतरचं. वारसनोंदीसाठी 3 महिन्यांच्या आत तलाठ्याकडे कळवायचं असतं. सासूबाईंसोबत बँकेत जायला एक दिवस काढलात, तर बायकोच्या मनावरचं मोठं ओझं उतरतं.

हक्कसोडपत्राचा विषयही याच सुमारास कुणीतरी हळूच काढतं. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. सही करायची की नाही हे तिनं ठरवायचं आहे. नवऱ्यानं "सोडून दे" म्हणू नये आणि "माग" असंही म्हणू नये. घाई करू नकोस, वर्षश्राद्ध होऊ दे, एवढं म्हणावं. नोंदणी झालेला दस्त फिरवणं सोपं नसतं.

पहिलीच वाट बरोबर ठरते अशीही घरं आहेत. ती एकुलती एक असेल, मरण अपघाती किंवा अगदी अवचित असेल, किंवा अग्नी तीच देणार असेल आणि भावकी कुरकुरत असेल, तर तेरा दिवस तिथून हलू नका. परदेशातून येणाऱ्यांना जा-ये परवडत नाही, त्यांनीही सलग थांबावं.

नवऱ्याचे आईवडील गेले तर सुनेला ही निवड कुणी देतच नाही. ती तेराही दिवस स्वयंपाकघरात आणि तो बाहेर पुरुषांत. तिथे रजेपेक्षा मोठा प्रश्न तिला चुलीपासून सोडवण्याचा आहे. जेवण बाहेरून मागवा, पण रोज तासभर तरी तिला त्याच्याशेजारी बसू द्या.

दुसऱ्या महिन्यातही ती रडते म्हणून घाबरू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातही दीर्घ शोकाचं निदान 6 महिन्यांच्या आत करत नाहीत. मात्र जेवण-झोप तुटली असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असं ती बोलत असेल, तर थांबू नका. डॉक्टरांकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे.

दहा रजा असतील तर माझी वाटणी अशी: सुरुवातीला तीन, दहाव्याला एक, तेराव्याला एक, आणि पाच ती परतल्यानंतरच्या दीड-दोन महिन्यांसाठी. त्या पाच सलग टाकू नका, कारण डाळीचा डबा कधी रिकामा होईल हे आधी कळत नाही.

निघताना मात्र तिला समोर बसवून सांगा: "आज जातोय, दहाव्याच्या आदल्या रात्री येतो. तू घरी आलीस की मी तुझ्याजवळ असावं म्हणून रजा राखून ठेवलीय." हेच सासूबाईंनाही सांगा आणि काकांनाही, नाहीतर जावई चौथ्या दिवशी निघून गेले ही चर्चा तिला ऐकून घ्यावी लागेल.