फोंड्याचे भांडी-मंडपवाले चाचा : हिरव्या कानांचे टोप आणि बाबांची पंच्याहत्तरी

३० मार्च २०२५ ला बाबांची पंच्याहत्तरी केली. घरीच, अंगणात मांडव घालून, सकाळी सत्यनारायण आणि दुपारी दोनशे पान. हॉल नको हा बाबांचा हट्ट, त्यामुळे खुर्च्या टेबलं पंखे ताटं टोप सगळंच भाड्याने आणायचं आलं. गोव्यातल्या आमच्या फोंड्यात शापूरच्या बाजूला एक भांडी-मंडपवाले आहेत, सगळे त्यांना चाचाच म्हणतात, नाव लिहू नको म्हणाले म्हणून लिहीत नाही. पण लिहिते मात्र सविस्तर, कारण असं दुकान मी दुसरं बघितलेलं नाही.

सुरुवात आत्यापासून झाली. ती मडगावला असते, भांडी कुठून आणताय विचारलं, मी सांगितलं तर एकदम गप्प झाली आणि मग म्हणाली, अगं पुजेचं जेवण, मुसलमानाकडच्या भांड्यात काय काय शिजलं असेल कोणास ठाऊक. मला राग आला, बोलले पण तिला. नंतर विचार केला तेव्हा वाटलं प्रश्न तसा चुकीचा नाही, भाड्याच्या टोपात काल काय शिजलं हे कुणालाही विचारायलाच पाहिजे, दुकानदार हिंदू असता तर मात्र तिने हा प्रश्न विचारलाच नसता, खरं दुखणं तिथे आहे. म्हणून मी बाबांना आणि तिला दोघांनाही गाडीत घालून दुकानावरच नेलं.

चाचांनी काही भाषण दिलं नाही. सरळ आत नेलं. दोन खोल्या, मधे भिंत. एका खोलीतल्या टोपांच्या कानांना हिरवा ऑइल पेंट, दुसऱ्या खोलीतल्यांना तांबडा. "बाय, तांबड्यात मटण-चिकन शिजता, हिरव्यात केन्नाच ना." म्हणजे हिरव्यात कधीच नाही. नुसते टोप नाहीत, परातीला पट्टा, झाऱ्याच्या दांड्याला पट्टा, ओगराळ्याला पट्टा. मागे धुवायच्या जागा सुद्धा दोन, नळ वेगळे, घासायचे काथे वेगळ्या बादल्यांत. आत्याने वाकून एका हिरव्या टोपाचा वास घेतला, मला लाज वाटली, चाचा म्हणाले घ्या घ्या, वास घेऊनच न्यायची भांडी.

आणि मग ते जे म्हणाले ते मला अजून आठवतं. आत्याला म्हणाले, वहिनी, नैवेद्याचं तेवढं तुमच्या घरच्या भांड्यात करा, सोवळ्याला मी भांडी देतच नाही, भाड्याची वस्तू शंभर घरं फिरून येते, तिला सोवळं कसं म्हणू, पैसे घेऊन खोटं कसं बोलू. आत्या काहीच बोलली नाही. पण येताना गाडीत बसल्यावर तिने आईला फोन लावला आणि प्रसादाच्या शिऱ्यासाठी घरातली पितळेची कढई काढून ठेवायला सांगितली.

हा सरळपणा फक्त हिंदूंशी नाही. आमच्या शेजारचे क्रिस्तांव अंकल, त्यांच्याकडे खुरसाच्या लदिनीला, म्हणजे क्रुसापुढच्या प्रार्थनेला, खुर्च्या, टेबलं, ताटं चाचांकडूनच येतात. सोरपोतेलसाठी टोप मात्र चाचा देत नाहीत, आणि ते आडून नाही, बुकिंगच्या वेळीच तोंडावर सांगतात की डुकराच्या मांसाला माझं भांडं नको. अंकलना त्याचं कधी वाईट वाटलेलं मी बघितलं नाही, त्यांच्या मावशीचा जुना मोठा टोप आहे तो माळ्यावरून काढतात. प्रत्येकाचं चालत नाही ते काय, हे पहिल्या पाच मिनिटांत स्पष्ट होतं, मग पुढे कुणी कुणाच्या ताटात बघत बसत नाही.

वही हा वेगळाच विषय आहे. प्रत्येक टोपाला नंबर, हिरवा ३, हिरवा ७, शेवटचा कुणाच्या घरी गेला, काय शिजलं, कधी परत आला, सगळं मराठीत, इतकं सुरेख अक्षर की बाबा उभ्या उभ्याच वाचत राहिले. कारण ते अक्षर बाबांनीच गिरवून घेतलेलं. गोव्यात पहिलं निवडून आलेलं सरकार आलं १९६३ ला, बांदोडकरांचं, त्यांनी गावोगाव मराठी प्राथमिक शाळा काढल्या, त्यातल्याच एका शाळेत बाबा १९७२ ला मास्तर म्हणून लागले तेव्हा चाचा तिथे चौथीत होते. साठी उलटली त्यांची पण बाबांसमोर अजून खुर्चीवर बसत नाहीत, मास्तर मास्तर करत उभेच.

परत येताना बाबांनी साफा मशिदीपाशी गाडी थांबवायला लावली. मशीद १५६० ची, आदिलशाहीतली. शेजारची तळी वरून बघितली तर आपल्या देवळाच्या तळीसारखीच वाटते, आतल्या कोनाड्यांना कमानी मेहराबीच्या आहेत तेवढाच फरक. आमचं कुलदैवत मंगेश. तोही १५६० लाच कुठ्ठाळीहून जुवारी ओलांडून प्रियोळला आला, कारण तिकडे साष्टीत पोर्तुगीजांनी देवळं पाडायला घेतली होती आणि इकडचा अंत्रूज महाल, म्हणजे आताचा फोंडा, आदिलशहाकडे होता. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आली, लोटलीचा रामनाथ बांदोड्याला. १७६३ पर्यंत फोंडा पोर्तुगीजांच्या हाती लागला नाही तोवर देव इथे रुजले. बाबा म्हणाले, तेव्हा सगळं गोडीगुलाबीचं होतं असं मी म्हणत नाही, राजे राजांशी लढतच होते, पण देव घेऊन रात्री होडीत बसलेला माणूस ह्या काठाला उतरला हे विसरू नये. आत्याचं माहेर म्हणजे आमचंच घर, तिला हे सगळं माहीत आहे, तरी ती बराच वेळ तळीकडे बघत उभी होती.

आता प्रत्यक्ष दिवस. ३० मार्च म्हणजे गुढीपाडवा, रविवार, आणि रमजानचा एकोणतिसावा रोजा. चाचा सहरी करून सहा वाजता टेम्पो घेऊन दारात हजर, बरोबर चार पोरं, त्यातल्या दोघांचा रोजा. मार्चचं ऊन काय असतं ते गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको. आई सवयीने चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि मधेच थबकली, परत आत न्यायला लागली तर चाचा म्हणाले, वहिनी द्या ह्या बाकीच्या दोघांना, तुमच्या चहाने आमचा रोजा मोडत नाही. तरी आईने नंतर दिवसभर चहा-सरबत मागच्या पडवीतच ठेवलं, तिला कुणी सांगितलं नव्हतं.

जेवण उत्तम झालं. खतखतं, मुगागाठी, वालाची भाजी, पुरी, वरणभात, सोलकढी, मणगणं (चणाडाळ-गुळाची खीर). टोप जड बुडाचे आहेत त्यामुळे मणगणं खाली लागलं नाही, आमचा रांदपी, म्हणजे आचारी, ह्यावर फार खूष होता, म्हणाला हल्ली पातळ अल्युमिनियम देतात लोक, डाळ करपते. भांडी आली तेव्हा कोरडी, पुसलेली, एकाही वाटीला चिकटपणा नाही.

संध्याकाळी खरी धांदल. चंद्र दिसला तर उद्या ईद, नाही तर परवा, आणि आमच्याकडच्या दीडशे खुर्च्या दुसऱ्या दिवशी ईदच्या एका घरी जायच्या होत्या. चाचा तसे सातनंतर येतो म्हणाले होते, पण आम्हीच ठरवलं की त्यांना ह्या एका संध्याकाळी तरी लवकर घरी पाठवायचं. माझे भाऊ, भाचे, शेजारचे क्रिस्तांव अंकल, सगळे लागले, खुर्च्या दहा-दहाच्या थप्प्या करून गेटपाशी, टोप घासून पालथे. चाचा साडेसहाला आले तर माल तयार. अंगणातच खजूर आणि पाणी घेऊन त्यांनी आणि पोरांनी रोजा सोडला, तेवढ्यात भाचा ओरडला की माडाच्या झावळीच्या वर बारीक कोर दिसते. बाबांनी लगेच पंचांग काढलं, पाडव्याचा चंद्र आणि ईदचा चंद्र एकाच अमावस्येनंतरचा, त्यांच्या वर्षात अधिक मास नसतो म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते आणि मधूनच अशी पाडव्याला येऊन टेकते. टेम्पोत ताटं चढवता चढवता हा वर्ग चालला होता, आणि चाचा चौथीतल्यासारखे ऐकत होते.

मोजणीत एक वाटी कमी निघाली. वहीत लिहिलं "मास्तर, १ वाटी", पैसे कापले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा मुलगा शीरखुर्म्याचा डबा घेऊन आला. वाटी आठवड्याने देवघरात सापडली, आत्यानेच तीत तुळशीचं पाणी ठेवलं होतं.

आता तक्रारी, कारण त्या आहेत. फोन उचलत नाहीत, चार-चार वेळा लावावा लागतो, व्हॉट्सॲप तर संध्याकाळीच बघतात. ताडपत्री जुनी आहे, एका कोपऱ्यातून ऊन गळत होतं, पावसाळ्यात मी ती घेणार नाही. दोन पंखे इतका आवाज करत होते की भटजींना मंत्र ओरडून म्हणावे लागले. टेबलक्लॉथवर हळदीचे डाग होते. लाइटिंग, फुलांची कमान असलं काही त्यांच्याकडे मिळत नाही. तेव्हा खुर्ची १० रुपये होती, फोंड्यात साधारण तोच रेट होता, टोपाचे मात्र थोडे जास्त घेतात, पण ते जाड बुडाचे आहेत हे लक्षात घ्या. घासाघीस करत नाहीत.

त्यानंतर आम्ही चवथीला पण त्यांच्याकडूनच घ्यायचं ठरवलं, आणि तो फोन आत्यानेच केला, मला नंतर कळलं. मे महिन्याची तारीख असेल तर दोन महिने आधी सांगून ठेवा, मोठे हिरवे टोप त्यांच्याकडे चारच आहेत. शुक्रवारी साडेबारा ते अडीच दुकान बंद असतं, तेव्हा जाऊ नका.