बर्फात क्लच जळाला: नुसती प्लेट बदलायची की अख्खा सेट?

मुलुंडच्या आमच्या सोसायटीतून गेल्या डिसेंबरात दोन गाड्या मनालीला गेल्या. एक माझी, छोटी पेट्रोल हॅचबॅक. दुसरी वरच्या मजल्यावरच्या काकांची, डिझेल एसयूव्ही. दोन्ही मॅन्युअल. अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सू गावाला उतरलो तेव्हा रस्ता काळा होता, परतताना पांढरा. बोगद्याच्या उत्तरेकडच्या तोंडाशी चढावर गाड्यांची रांग लागली होती आणि दीड तास आम्ही फूट-फूट सरकत होतो. त्या दीड तासाने दोन्ही क्लच खाल्ले. मुंबईत आल्यावर मात्र आम्ही दोघांनी वेगवेगळे निर्णय घेतले, आणि आता सोसायटीत कुणाच्या गाडीला करपट वास आला की त्याला आमच्याकडे पाठवतात.

आधी हे समजून घ्या की बर्फात क्लच नेमका कशाने जळतो. टायर जागच्या जागी गरगर फिरत असेल तर घसरतोय तो टायर, क्लच नव्हे. क्लच जळतो तो आपण टायर घसरू नये म्हणून पेडल अर्धं दाबून ठेवतो तेव्हा, म्हणजे हाफ क्लचवर. इंजिन मिनिटाला दीड हजार फेऱ्यांवर फिरतंय, चाक जेमतेम हलतंय, आणि मधली सगळी तफावत क्लच प्लेटच्या अस्तरात, म्हणजे तिच्या घासणाऱ्या थरात, उष्णता बनून जाते. बाहेर उणे पाच असलं तरी आत भट्टी. रुतलेली गाडी पुढे-मागे झुलवून काढताना तेच, फक्त जास्त वेगाने. टायरला बर्फाची साखळी, म्हणजे चेन, लावल्यावर तर उलटंच होतं: टायरला पकड मिळते, मग घसरायची पाळी क्लचवर येते. काकांनी चेन लावली होती, मी नव्हती. पण मी हाफ क्लचवर ती कसर भरून काढली.

गंमत म्हणजे माझी गाडी मनालीहून जवळजवळ दोन हजार किलोमीटर निमूट आली. सपाट हायवेवर एकसारख्या वेगाने चालताना इंजिनला जोर कमी लावावा लागतो, तेवढा जोर जळकी प्लेटही पेलते. घोडबंदरला गायमुखच्या चढावर मात्र ॲक्सिलरेटर दाबला तर काटा चार हजारावर आणि गाडी तिथेच. शेजारून भरलेला ट्रक पुढे निघून गेला.

थांबायचं की उघडायचं

नुसता वास आला आणि गाडी थंड झाल्यावर सगळं नेहमीसारखं वाटत असेल, तर घाईने गिअरबॉक्स उतरवू नका. एकदा करपलेली प्लेट वर्ष-दोन वर्षंही चालू शकते. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये एकदम ॲक्सिलरेटर दाबून बघा. इंजिनचा आवाज चढला आणि वेग नाही वाढला, तर क्लच स्लिप मारतोय. मग थांबण्यात अर्थ नाही, कारण प्रत्येक स्लिप फ्लायव्हीलही, म्हणजे क्लच प्लेट जिच्यावर घासते ती इंजिनाकडची जड चकतीही, तापवते. ही चाचणी एकदाच करा. माझ्या मेहुण्याने खात्रीसाठी पाच वेळा केली आणि उरलंसुरलं अस्तरही घालवलं.

तक्रार उलटी असेल, म्हणजे पेडल पूर्ण दाबूनही गिअर पडत नाही किंवा पेडल खालीच राहतं, तर दुखणं बहुधा वेगळं आहे. हायड्रॉलिक क्लच असेल तर ऑइल गळतंय का बघा, केबलचा असेल तर केबल बघा. काही गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा भाग, गिअरबॉक्सच्या आतच असतो, तिथे मात्र उघडण्यावाचून सुटका नाही.

प्लेट की सेट

खरा वाद इथे आहे. क्लचमध्ये मुख्य तीन तुकडे: अस्तरवाली क्लच प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट, आणि पेडलचा दाब तिथवर नेणारं रिलीज बेअरिंग. हे तिघं मिळून सेट. चौथं फ्लायव्हील, ते इंजिनाकडचं. नाक्यावरचा मेकॅनिक म्हणेल, फक्त प्लेट टाका, बाकी ठीक आहे. ऐकायला स्वस्त वाटतं. पण गिअरबॉक्स उतरवून परत चढवायची मजुरी दोन्हीकडे तीच आहे. वाचतात ते फक्त प्रेशर प्लेटचे आणि बेअरिंगचे पैसे.

क्लच वयाने झिजला असेल तर या वादाला थोडी तरी जागा आहे, विशेषतः प्रेशर प्लेट अलीकडेच बदललेली असेल तर. बर्फात जळालेल्याची गोष्ट निराळी. ज्या उष्णतेने अस्तर करपलं तिनेच समोरची प्रेशर प्लेटही तापवली आहे. माझी काढली तेव्हा तिच्यावर निळे-जांभळे डाग होते आणि केसासारख्या बारीक चिरा. असा पृष्ठभाग तसाच ठेवून नवी प्लेट बसवली की पहिल्या गिअरला गाडी उचलताना थरथरते, आणि प्रेशर प्लेटमधली दाब देणारी डायफ्रामची स्प्रिंग मऊ पडलेली असेल तर नवी प्लेटही स्लिप मारू लागते. मग पुन्हा गिअरबॉक्स खाली, पुन्हा मजुरी. जळालेल्या क्लचला सेटच टाका, यावर माझ्याशी वाद घालू नका. रिफेसिंग केलेली, म्हणजे जुन्या प्लेटवर नवं अस्तर चिकटवलेली, तर अजिबात नको. उष्णतेने ढिल्या पडलेल्या स्प्रिंगा आणि मधला हब जुनाच राहतो.

फ्लायव्हीलचं गाडीगणिक वेगळं. माझ्या हॅचबॅकचं साधं, एकाच लोखंडी तुकड्याचं. लेथवर फेसिंग करून, म्हणजे पृष्ठभाग सपाट करून घेतलं, काम झालं. काकांच्या डिझेलचं ड्युअल मास, म्हणजे मध्ये स्प्रिंगा असलेलं दोन भागांचं. ते इंजिनाची थरथर गिळतं म्हणून गाडी मऊ चालते, पण त्याला लेथवर चढवणं योग्य नाही. दोन भागांमधली मोकळीक मोजायची, मर्यादेबाहेर असेल तर नवं घ्यायचं, आणि ते बरेचदा अख्ख्या क्लच सेटपेक्षा महाग पडतं. काकांचं बिल माझ्या कितीतरी पट आलं ते मुख्यतः यामुळे. त्यांना एकाने ते काढून साधं फ्लायव्हील बसवायचा सल्ला दिला होता. पैसे वाचले असते, पण सिग्नलला उभं राहिल्यावर सगळी थरथर सीटमध्ये आली असती.

म्हणून गाडी द्यायच्या आधी हाच प्रश्न विचारा: फ्लायव्हील साधं की ड्युअल मास? कुठे न्यायची याचं उत्तर बरंचसं त्यातच आहे.

सर्व्हिस सेंटर की गॅरेज

साधं फ्लायव्हील असेल तर चांगलं गॅरेज पुरतं. मी माझी भांडुपच्या ओळखीच्या गॅरेजला दिली, कारण आधी गेलो त्या सर्व्हिस सेंटरने गाडी न उघडताच सेट आणि फ्लायव्हील दोन्ही नवे, असा अंदाज हातात ठेवला होता. न बघता कसं कळलं, हे विचारल्यावर सल्लागार संगणकाकडे बघू लागला. गॅरेजमध्ये मी स्टूल टाकून बसलो, काढलेला प्रत्येक तुकडा हातात घेऊन पाहिला. इंजिनच्या मागच्या बाजूचं ऑइल सील पाझरत होतं, तेही लगे हाथ बदललं. नाहीतर त्याचं तेल नव्या प्लेटवर आलं असतं.

ड्युअल मास असेल तर मी काकांच्याच बाजूने आहे, त्यांनी गाडी सर्व्हिस सेंटरला दिली. लिफ्ट, टॉर्क रेंच, मोजमापाची साधनं आणि कामावरची वॉरंटी या गोष्टींचे पैसे तिथे वसूल होतात. मजुरी जास्त, पण चूक झाली तर दार ठोठावता येतं. जुने पार्ट परत मागा, दोन्हीकडे.

पार्टचं म्हणाल तर गाडीच्या कंपनीच्या डब्यातला आणि व्हॅलिओ, लुक किंवा एक्सेडीच्या स्वतःच्या डब्यातला सेट यांत मला निवड करायची वेळ आली तर मी दुसरा घेतो. क्लच बनवणं हाच यांचा धंदा आहे, आणि बाहेर तो सहसा स्वस्त मिळतो. फक्त पक्कं बिल घ्या, डब्याची सील बघा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने पार्ट मिळतात. दरवाजा, आरसा, दिवा तिथून खुशाल आणा, क्लच नाही. जुन्या बिलाशी ताळा करणार असाल तर एक ध्यानात ठेवा: 22 सप्टेंबर 2025 पासून गाड्यांच्या पार्टवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे. विम्यावर विसंबू नका, झीज आणि यांत्रिक बिघाड नेहमीच्या पॉलिसीत बसत नाही.

की गाडीच बदलायची

काकू म्हणाल्या, एवढा खर्च करण्यापेक्षा ऑटोमॅटिक घेऊया. पेडल नाही, कटकट नाही. पण स्वस्तातली ऑटोमॅटिक बहुतेक एएमटी असते, आणि एएमटीत क्लच तोच असतो, कोरडा, प्लेटवाला. फक्त तो तुमच्या पायाऐवजी मशीन दाबतं. चढावर ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवलीत तर तोही जळतो. या भानगडीतून खरंच सुटायचं तर टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे तेलातून जोर पोचवणारी ऑटोमॅटिक बघा, तिथे ही प्लेटच नसते आणि रांगेत सरकायला गाडी तयार असते. तिची किंमत ऐकून काकूंनी विषय बदलला.

काका आता पुन्हा सिस्सूचं म्हणतायत. नव्या क्लचचे पहिले हजारेक किलोमीटर मुलुंड ते अंधेरी असेच जाऊ द्या, असं मी त्यांना सांगितलंय. एलबीएस रोडवर हाफ क्लचची तालीम होतेच.