दुपारी चारला चहा, ताक की आंबील? सोलापूरच्या उन्हाळ्यापुरतं बोलू

मार्च सरत आला की आपल्या सोलापुरात पारा चाळिशी गाठतो, मे मध्ये तर ४३-४४ सुद्धा बघतो आपण, आणि तरी चार वाजले की टपरीवर गर्दी ती गर्दीच. चहा सोडा म्हणून सांगत नाही, ते कुणी ऐकणारही नाही, प्रश्न फक्त त्या चारच्या कपाचा आहे.

चहात कॅफीन किती, तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ ला ज्या आहारविषयक सूचना काढल्या त्यात १५० मिली चहाला ३० ते ६५ मिलिग्रॅम, तेवढ्याच इन्स्टंट कॉफीला ५० ते ६५ आणि फिल्टर कॉफीसारख्या उकळत्या पाण्यात उतरवलेल्या कॉफीला ८० ते १२० असं धरलंय, आणि दिवसाची मर्यादा ३०० सांगितलीय. म्हणजे कटिंग दोन-तीन झाले तरी आकड्यात तुम्ही बसता. गोची वेळेची आहे. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, तेव्हा सहाला घेतलेला चहा अकराला अर्धा शिल्लक असतो आणि आपण मात्र पत्रा तापलाय, लाईट गेलीय म्हणून झोप येत नाही म्हणत बसतो. चहाने अंगातलं पाणी सुकतं म्हणतात तेवढं काही नसतं बरं का, रोज पिणाऱ्याला तर नाहीच, पण प्रत्येक कपात दोन चमचे साखर म्हणजे १० ग्रॅमच्या आसपास, ती मोजा.

ताक इथं सरळ पुढं आहे. घामात पाणी आणि मीठ दोन्ही जातं, ताकात दोन्ही मिळतं, कॅफीन नाही, साखर घालायची गरज नाही. फक्त बीपीवाल्यांनी मीठ हात राखून घालायचं, आणि पाकिटातलं मसाला ताक घेत असाल तर मागं सोडियम किती लिहिलंय ते वाचायचं. बाहेरचं सुटं ताक घ्यायचं तर त्यात बर्फ कुठल्या पाण्याचा आहे हे विचारा, मी तर बिनबर्फाचंच मागतो. एक अडचण खरी आहे, ताकाने तरतरी येत नाही, आणि चहा एकदम तोडला तर दोन-चार दिवस डोकं ठणकतं, म्हणून आधी चारचा कप निम्मा करा, मग बदला.

आणि आंबील, ही माझी निवड, विशेषतः एमआयडीसीत किंवा यंत्रमागावर शिफ्ट असणाऱ्यांसाठी ज्यांचं दुपारचं जेवण धड होत नाही. ज्वारीचं पीठ रात्री ताकात कालवून ठेवायचं, सकाळी उकळत्या पाण्यात ओतत हलवत राहायचं (थांबलात की गुठळ्या झाल्याच), पीठ चकाकायला लागलं की उतरवायचं, गार झाल्यावर वरनं पातळ ताक, ठेचलेला लसूण, जिरं, मीठ. पोटाला आधार होतो आणि सहाला वडापाव आठवत नाही. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी घरात असताना बाहेरून एनर्जी ड्रिंक आणणाऱ्यांचं मला नवलच वाटतं, त्यात कॅफीन पण असतं आणि बहुतेकांत साखर पण. शुगरवाल्यांनी मात्र आंबील हे पेय नाही, खाणं आहे असं धरूनच प्यावी.

थंडीत मामला उलटा. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत संध्याकाळी गार ताक कोण पिणार, तेव्हा चहाच घ्या, पण भाकरी आणि शेंगा चटणी खाऊन लगेच नको, आधी-नंतर तासभर सोडा, कारण चहातलं टॅनिन जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही. घरात कुणाचं हिमोग्लोबिन कमी असेल, लोहाची गोळी चालू असेल, तर ती चहाबरोबर देऊ नका, आणि ताकाबरोबरही नको, साध्या पाण्याने किंवा लिंबूपाण्याने द्या.