बाजूला झोपणाऱ्यालाही विचारणारे स्लीप क्लिनिक

माझे यजमान कित्येक वर्षे घोरतात आणि आमच्या डिचोलीच्या घरात त्याला शांत झोपेचेच लक्षण मानले जात असे. गेल्या वर्षी मात्र घोरणे मध्येच थांबते आणि त्याबरोबर श्वासही थांबतो, हे माझ्या लक्षात आले. काही क्षण आवाजच बंद होई आणि मग गुदमरल्यासारखे दचकून ते कूस बदलत. दिवसा वर्तमानपत्र हातात घेतले की डोळा लागे, आणि दोन गोळ्या चालू असूनही रक्तदाब उतरत नव्हता. शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पणजीतील एका स्लीप क्लिनिककडे, म्हणजे झोपेचे विकार तपासणाऱ्या दवाखान्याकडे पाठवले.

तेथील डॉक्टरांनी यजमानांच्या आधी मला विचारले, "रात्री तुम्हाला काय दिसते, ते सांगा." झोपलेल्या माणसाला स्वतःचा श्वास थांबलेला कळत नाही, त्यामुळे बाजूला झोपणाऱ्याची साक्ष महत्त्वाची, असे त्यांचे म्हणणे. एपवर्थ नावाच्या आठ प्रश्नांच्या प्रश्नावलीत बसल्या बसल्या डुलकी लागण्याची शक्यता ० ते ३ गुणांत मांडायची असते आणि बेरीज १० च्या वर गेली की दिवसाची झोप प्रमाणाबाहेर समजतात. यजमानांनी स्वतःला ६ गुण दिले, मी त्यांना १५ दिले. रात्री तीन-तीनदा लघवीला उठणे आम्ही वयावर ढकलले होते. त्याचाही संबंध झोपेत श्वास थांबण्याच्या आजाराशी असू शकतो, हे तेथेच समजले.

तपासणीसाठी यजमानांना एक रात्र क्लिनिकमध्ये झोपायचे होते. त्या रात्री एक अडचण झाली. डोक्याला तेल लावून येऊ नये, ही साधी सूचना आम्हाला कोणी दिली नव्हती आणि यजमानांनी सवयीने खोबरेल चोपडले होते, त्यामुळे तंत्रज्ञ मुलीला टाळूची जागा न् जागा पुसून मगच वायरी चिकटवता आल्या. तिने जराही त्रासिक चेहरा केला नाही. डोके, डोळ्यांच्या कडा, हनुवटी आणि पायांवर वायरी, नाकाशी नळी, छाती-पोटाला पट्टे, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा, एवढे सगळे लावून माणूस झोपणार कसा, ही माझी काळजी होती. ते मात्र दहा मिनिटांत घोरू लागले.

अहवाल समजावण्यासाठी डॉक्टरांनी आम्हाला दिलेला वेळ ही या क्लिनिकची सर्वांत मोठी जमेची बाजू. पडद्यावर नाकातील हवेची रेघ सपाट झाली होती, पण त्याच वेळी छाती-पोटाच्या रेघा हलतच होत्या, म्हणजे शरीर श्वास ओढत होते आणि वाट घशात बंद झाली होती. निदान ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्नियाचे, म्हणजे झोपेत घशाची वाट बंद होऊन श्वास थांबण्याच्या आजाराचे झाले. किमान दहा सेकंद श्वास थांबणे किंवा बराच मंदावणे असे प्रसंग तासाला पाचपेक्षा कमी असतील तर ठीक आणि ३० किंवा त्याहून अधिक असतील तर आजार तीव्र, असा हिशेब. यजमानांचा आकडा ४१ होता. तो ऐकून माझे हातपाय गार पडले.

उपाय म्हणून सीपॅप यंत्र सुचवले गेले. मास्कमधून ठरावीक दाबाची हवा सोडून ते घशाची वाट उघडी ठेवते; १९८१ पासून वापरात असलेली ही पद्धत आहे, असे सांगून डॉक्टरांनी यजमानांची भीती घालवली. पण यंत्राची किंमत तपासणी झाल्यावरच सांगितली गेली आणि ते भाड्याने मिळते का, हे आम्हालाच विचारावे लागले. पहिला मास्क नाकाच्या वरच्या बाजूने गळत होता, डोळे कोरडे पडत होते, आणि तरी आठवडाभर कोणी फोन उचलला नाही. इथेच अनेकांचे यंत्र कपाटात जात असावे. शेवटी आम्ही थेट क्लिनिकमध्ये जाऊन बसलो, तेव्हा त्याच तंत्रज्ञ मुलीने यजमानांना आडवे झोपवून मास्क बसवून पाहिला, कारण आडवे झाल्यावर गाल बदलतात आणि बसून घट्ट वाटणारा मास्क सैल होतो. वेगळा मास्क दिला आणि गळती थांबली.

आता रक्तदाब आटोक्यात आहे आणि ते रात्री एकदाच उठतात. पावसाळ्यात वीज गेली की यंत्र बंद पडते, म्हणून आम्ही झोपण्याच्या खोलीला इन्व्हर्टर जोडून घेतला. घरी वीज किती वेळा जाते, हे क्लिनिकने यंत्र देतानाच विचारायला हवे होते.