गावच्या साइटवर गूगल ॲनालिटिक्स: वर्षभर वापरल्यावर

गोव्यातल्या फोंडा परिसरातल्या देवस्थानांच्या जत्रा, उत्सवी नाटकं आणि अग्रशाळा (देवळाच्या आवारातल्या, भाविकांच्या मुक्कामाच्या खोल्या) यांची माहिती देणारी एक मराठी साइट मी सांभाळते. जाहिराती नाहीत, विकायचं काही नाही. तरी वाचतं कोण ते कळावं म्हणून गूगल ॲनालिटिक्स ४ बसवलं, म्हणजे साइटवर कोण येतं आणि काय बघतं ते मोजणारं साधन. फुकट आहे, आणि जुनी आवृत्ती १ जुलै २०२३ ला बंद झाल्यापासून गूगलकडे हेच एक आहे.

आधी शहरांचा रिपोर्ट, कारण उघडल्यावर सगळ्यांची नजर तिथेच जाते. आमच्याकडे पहिली मुंबई, मग पुणे, मग बंगळूर. पणजी-मडगाव कुठेतरी खाली. बघणाऱ्यांतल्या एकाने लगेच ‘मग मुंबईकरांसाठीच लिहूया’ म्हणून टाकलं. पण हे शहर फोनच्या आयपी पत्त्यावरून काढलेला अंदाज असतो, आणि मोबाइल डेटावर तो पत्ता कंपनीच्या भलत्याच शहरातल्या केंद्राचा निघू शकतो. खात्री करायची तर वायफाय बंद करून स्वतःची साइट उघडा आणि रिअलटाइम रिपोर्ट बघा. मी फोंड्याच्या बाजारात उभी होते, नकाशावरचा ठिपका मुंबईवर! गंमत अशी की मुंबईत आपले कुळावी (इथल्या देवांना कुलदैवत मानणारी घराणी) खरोखरच भरपूर आहेत. म्हणजे खरे मुंबईकर आणि फोंड्याजवळच्या बांदोड्याचे ‘मुंबईकर’ एकाच रकान्यात, आणि ते वेगळे करायची सोय नाही.

मग मी शहर सोडलं आणि पान धरलं. अग्रशाळेचं पान कोण उघडतो? फोंड्याचा माणूस मंगेशीला किंवा म्हार्दोळला मुक्कामाला कशाला राहील? तो बाहेरचाच. नाटकांचं वेळापत्रक बघणारा बहुतेक इथला. ही दोन पानं वेगळी काढली आणि चित्र एकदम स्पष्ट झालं. अग्रशाळेवाले सकाळी येतात, तीन-चार पानं चाळतात, पत्ता आणि फोन शोधतात. नाटकवाले संध्याकाळी येतात, वेळ बघतात, गेले. फोन नंबरवर कोणी बोट ठेवलं हे मात्र ॲनालिटिक्स आपणहून मोजत नाही. गूगलच्याच टॅग मॅनेजर या जोडसाधनात tel: ने सुरू होणाऱ्या लिंकसाठी वेगळा ट्रिगर (क्लिक झालं की नोंद घ्यायचा नियम) लावावा लागतो. अर्ध्या तासाचं काम आहे, पण आमच्यासारख्या साइटला सगळ्यात कामाचा आकडा तोच.

नाटकवाल्यांवर हे साधन अन्याय करतं. सेशन, म्हणजे साइटला दिलेली एक भेट, ‘एंगेज्ड’ (लक्ष देऊन बघितलेलं) धरायला दहा सेकंद थांबावं लागतं, किंवा दुसरं पान उघडावं लागतं, नाहीतर आपण ‘की इव्हेंट’ म्हणून ठरवलेली एखादी कृती व्हावी लागते. ‘पडदा किती वाजता’ हे सहा सेकंदांत मिळालं तर ते सेशन नापास. त्यामुळे आमचं सगळ्यात उपयोगी पान रिपोर्टात सगळ्यात वाईट दिसतं. मी त्या पानापुरता तो रकाना बघणंच सोडून दिलंय.

व्हॉट्सॲपवरून आलेले बहुतेक लोक ‘डायरेक्ट’मध्ये, म्हणजे कुठून आले ते न कळलेल्यांत, जमा होतात. लिंकला यूटीएम (कुठून आले ते सांगणारी खूण) जोडून गटात टाकली की वेगळे दिसतात, फक्त स्पेलिंग दरवेळी एकच ठेवा, कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगवेगळी मोजली जातात. वय आणि लिंग? माणसं थोडी असली की गूगल ते आकडे झाकूनच ठेवतं. भाषेचा रिपोर्ट म्हणतो आमचे वाचक इंग्रजी. ती फोनच्या सेटिंगची भाषा, आणि मराठी वाचणारे कितीजण फोन मराठीत ठेवतात?

खरं सांगायचं तर वाचक मला जास्त कळला तो सर्च कन्सोलमुळे, म्हणजे लोक गूगलवर काय शोधून साइटवर येतात ते दाखवणाऱ्या साधनामुळे. तेही फुकट, आणि सोळा महिन्यांचा डेटा ठेवतं. लोक रोमनमध्ये शोधतात, ‘jatra’ही लिहितात आणि ‘zatra’ही. ‘agrashala room’ असं शोधणारे बघितल्यावर त्या पानाच्या वर्णनात रोमन नाव घातलं आणि क्लिक वाढले.

तुलनेचं एक सांभाळा. ‘मागच्या वर्षीचा हाच काळ’ हे बटण आपल्या कामाचं नाही. चवथ (गणेश चतुर्थी) २०२४ ला ७ सप्टेंबरला होती, २०२५ ला २७ ऑगस्टला. ऑगस्टची ऑगस्टशी तुलना केली तर माटोळीच्या (चवथीला गणपतीवर बांधतात त्या फळाफुलांच्या सजावटीच्या) पानाला अचानक भरती आल्यासारखी वाटते, प्रत्यक्षात तिथी पुढेमागे झालेली असते. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आल्यामुळे चवथ थेट १४ सप्टेंबरला. म्हणून मी तारखा हाताने घालते, चवथीआधीचे पंधरा दिवस त्या वर्षीचे आणि या वर्षीचे. साधे रिपोर्ट यासाठी पुरतात. एक्सप्लोर या स्वतः रिपोर्ट बनवायच्या भागात खोलात जायचं असेल तर ॲडमिनमध्ये डेटा रिटेन्शन (डेटा किती काळ ठेवायचा ती सेटिंग) बघा. ते मुळात दोन महिन्यांवर असतं, चौदा करता येतं, पण पुसला गेलेला डेटा परत येत नाही. साइटला ॲनालिटिक्स जोडलं त्याच दिवशी हे करून टाका.