जर्सीत स्कूल बोर्डाला उभं राहायचंय? एकट्याने की स्लेटमधून

दर वर्षी उन्हाळा आला की मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी विचारतंच, मी यंदा बोर्ड ऑफ एज्युकेशनला (गावच्या शाळांचा कारभार बघणाऱ्या स्कूल बोर्डाला) उभा राहू का. राहा की! पण त्याआधी ठरवा, एकटे लढणार की दोघातिघांची स्लेट, म्हणजे एकत्र लढणारी टीम करून.

दोन्हीकडे सारखं काय ते पटकन सांगतो. न्यू जर्सीत या निवडणुकीत पक्षच नाही, बॅलटवर नावापुढे डेमोक्रॅट-रिपब्लिकन काही येत नाही. अमेरिकन सिटिझन हवं, त्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये किमान एक वर्ष राहिलेलं हवं, ठरावीक संख्येने मतदारांच्या सह्या हव्यात आणि जिथे निवडणूक नोव्हेंबरात होते त्या डिस्ट्रिक्टमध्ये फॉर्म जुलैच्या शेवटच्या सोमवारी दुपारी चारच्या आत काउंटी क्लर्ककडे. टर्म सहसा ३ वर्षांची, पगार शून्य. (पलीकडे पेनसिल्व्हेनियात वेगळीच तऱ्हा, तिथे सहसा पक्षाच्या प्रायमरीतून, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या निवडणुकीतून जावं लागतं, पण एकच माणूस दोन्ही पक्षांच्या प्रायमरीत नाव टाकू शकतो.)

आता स्लेट. पक्षाचं चिन्ह नाही म्हटल्यावर मतदाराला काहीतरी खूण लागतेच, आणि ती खूण म्हणजे स्लेट. बॅलटवर तुमची नावं एकत्र, सोबत छोटी घोषणा. लॉन साइन एकच, फ्लायरचा खर्च वाटून, आणि मुख्य म्हणजे तुमचा पार्टनर त्याच्या बेसबॉलवाल्या पालकांना तुमचं नाव सांगतो, जे तुम्हाला आयुष्यात भेटले नसते. पण स्लेटमधल्या एकाने फेसबुकवर काही वेडंवाकडं लिहिलं की निस्तरायचं तुम्हीपण. आणि या स्लेटमागे कधी गावातलं पक्षाचं मंडळ असतं, कधी आणखी कुणी, ते आधी नीट विचारून घ्या, कारण बोर्ड मेंबरच्या एथिक्स कोडमध्येच आहे की स्वतःचा निर्णय कुठल्या गटाच्या किंवा पक्षाच्या हवाली करायचा नाही.

एकट्याचं गणित वेगळं. समजा ९ जणांचं बोर्ड, यंदा ३ जागा, म्हणजे मतदार तीन नावं निवडू शकतो, पण निवडायलाच हवीत असं नाही. एकटा उमेदवार आपल्या माणसांना सांगू शकतो की फक्त मलाच मत द्या, बाकी दोन रिकामी सोडा, म्हणजे तुमच्या मताने माझे प्रतिस्पर्धी पुढे जात नाहीत. स्लेटमध्ये हे करता येत नाही, केलंत तर पार्टनर आयुष्यभर बोलणार नाही. पण या युक्तीला आपली माणसं मुळात मतदार असायला हवीत ना, आणि आपल्याकडे मुलं शाळेत, घर आहे, टॅक्स भरतात, तरी ग्रीन कार्डच्या रांगेत, असे कितीतरी. गणपतीतली गर्दी मोजून मतं धरू नका!

निवडून आल्यावरचाही फरक आहे. स्लेटचे तिघे आणि जुने दोन मित्र एका व्हॉट्सॲप ग्रुपवर बोर्डाच्या विषयावर बोलायला लागले की ९ पैकी ५ झाले, म्हणजे बहुमत, आणि ओपन पब्लिक मीटिंग्ज कायद्याने ती बंद दाराआडची मीटिंग ठरू शकते. एकट्याला ही भानगड कमी, पण त्याच्या ठरावाला सेकंड करायलाही कुणी नसतं. दिवाळीची सुट्टी असो की मॅथ्सचा नवा अभ्यासक्रम, बहुमत जमवावंच लागतं.

माझं मत विचाराल तर आधी मागच्या तीन-चार वर्षांच्या उमेदवारांच्या याद्या बघा. जागा तेवढेच उमेदवार असं वारंवार होत असेल तर बिनधास्त एकटे उभे राहा. चुरस असेल आणि तुमची ओळख देसी सर्कलपुरतीच असेल तर स्लेट करा, पण तिघेही देसी नकोत, नाहीतर तीच मतं तिघांत आणि बाहेरचं एक नाही. पीटीएमध्ये (पालक-शिक्षक संघात) वर्षानुवर्षं राबलेल्या बाईंना मात्र मी स्लेट सांगणार नाही, त्यांना गाव ओळखतं, दुसऱ्यांचं ओझं कशाला. आणि सह्या लागतात तेवढ्याच नाही, दुप्पट तरी घ्या, अर्ध्या लोकांचं रजिस्ट्रेशन जुन्याच पत्त्यावर असतं.