पर्स सापडली म्हणून फोन आला आणि आम्ही सगळे घर बंद करून धावलो

हे लिहायला दोन महिने लागले कारण आधी लाजच वाटत होती. मी सहकारी बँकेत अठरा वर्षं काउंटरवर बसते, ओटीपी सांगू नका, लिंक दाबू नका म्हणून रोज लोकांच्या कानीकपाळी ओरडते, आणि मीच अशी फसले की अजून आठवलं तरी पोटात गोळा येतो. पण परवा ऑफिसातल्या एका मैत्रिणीची पर्स बसमध्ये गेली आणि ती म्हणाली कार्ड ब्लॉक केली, झालं काम. मी विचारलं चाव्या? तर म्हणे त्या काय कुणाला कळणारेत कुठल्या घराच्या. म्हणून आता लिहितेच.

डिसेंबरातला रविवार, नणंदेच्या मुलीचं लग्न, पुण्यात सिंहगड रोडवरचं कार्यालय. जेवणाच्या हॉलमध्ये मी खुर्चीला पर्स अडकवली आणि तेवढ्यात फोटोग्राफर ओरडला सगळ्या मामी-काकू स्टेजवर या. मोबाईल हातात होता, पर्स राहिली खुर्चीला. पाच मिनिटांत परत आले तर खुर्ची आहे, पर्स नाही. नंतर कॅमेऱ्यात दिसलं, बारा-तेरा वर्षांचा मुलगा, छान जाकीट घातलेला, आरामात पर्स पोटाशी धरून बाहेर चाललाय. आम्हाला वाटलेलं वरपक्षाकडचा असेल, त्यांना वाटलेलं आमच्याकडचा. लग्नात असंच चालतं, कोण कुणाला विचारतंय.

पर्समध्ये पैसे फार नव्हते, बावीसशे का काय. पण आधार कार्ड होतं, टेलरची गुलाबी पावती होती ज्यावर माझं नाव आणि मोबाईल नंबर, आणि एकाच कडीत लॅचची चावी, सेफ्टी डोअरची चावी आणि गाडीची चावी. कडीला लेकीने लोकरीचा विणलेला हिरवा पोपट. म्हणजे विचार करा, पत्ता, फोन नंबर आणि चाव्या असं सगळं एका पिशवीत घालून मी स्वतःच चोराला दिलं.

एक गोष्ट मात्र दिराने डोकं लावून केली, पर्स गेली म्हटल्यावर तो आधी पार्किंगमध्ये पळाला आणि आमच्या गाडीला टेकून उभा राहिला. कारण चोराला कुठली गाडी ते माहीत असायची गरजच नाही, पार्किंगमध्ये जाऊन चावीचं बटण दाबायचं, गाडी स्वतःच टुकटुक करून सांगते मी इथे आहे. नवरा रिक्षाने घरी गेला, शेजारच्या काकूंकडे आमची एक चावी असते ती घेतली, कपाटातली गाडीची दुसरी चावी आणली आणि गाडी ताब्यात. मग चौकीत गेलो. तिथले म्हणाले अहो गर्दीत कुठेतरी पडली असेल, गहाळ म्हणून नोंद करा, पटकन होईल. आमचा वऱ्हाड निघायचा गोंधळ, आम्ही म्हटलं बरं. ही पहिली चूक. गहाळ आणि चोरी यात किती फरक आहे ते पुढे कळलं.

घरी पोचलो साडेचारला. सासूबाई म्हणाल्या आत्ताच्या आत्ता कुलूप बदला. मी म्हटलं रविवारी कोण येणारे, उद्या सकाळी बघू. आणि पाच वीसला फोन.

"ताई, पर्स हरवलीय का तुमची? मी टेम्पोवाला आहे, रस्त्यात पडलेली दिसली, पावतीवर तुमचा नंबर होता." आवाज इतका साधा, मागे ट्रकचे हॉर्न. मी विचारलं चाव्या आहेत का हो त्यात? म्हणतो आहेत ना, पोपट लावलाय हिरवा. झालं, माझ्या डोळ्यात पाणीच. पोपट सांगितला म्हणजे माणूस खरा! तो म्हणाला मी खेड शिवापूरच्या टोलनाक्याच्या अलीकडे उभा आहे, माल खाली करून साताऱ्याकडे निघायचंय, तासभर थांबतो, पण ताई ओळख पटवायला मिस्टरांनाही आणा, उगाच भलत्याच बाईच्या हातात पर्स जायला नको. बघा म्हणजे, किती काळजी आमची! सासूबाई म्हणाल्या मी पण येते, येताना बालाजीचं दर्शन होईल. असे आम्ही चौघं, लेकीसकट, घर लॅच लावून निघालो. एक पेढ्यांचा बॉक्सपण घेतला त्याच्यासाठी.

रविवार संध्याकाळ आणि नवले पुलावरची कोंडी, सांगायला नकोच. वाटेत तो दोनदा फोन करत होता, कुठपर्यंत आलात ताई, सावकाश या, मी आहे. आम्हाला वाटलं किती चांगला माणूस. तो आम्ही घरापासून किती लांब गेलो ते मोजत होता. टोलनाक्याशी पोचलो आणि फोन बंद. अर्धा तास एकेका टेम्पोत डोकावलो, चहावाल्याला विचारलं, शेवटी नवराच एकदम गप्प झाला आणि म्हणाला, घरी फोन कर. घरी कोणाला करणार, घरी कोणीच नव्हतं. काकूंना केला.

काकू म्हणाल्या, "अगं तुमचा एसीवाला येऊन गेला की." दोन माणसं, खांद्यावर पत्र्याची टूलबॉक्स, गेटवर आमचं नाव, फ्लॅट नंबर बरोबर सांगितलं. काकू नेहमी चौकशी करणाऱ्या, त्यांनी विचारलं कोण पाहिजे, तर तो म्हणाला मॅडमनी चावी दिलीय, त्या लग्नात आहेत. आणि हातातली कडी दाखवली. पोपट! काकूंनी तो पोपट रोज बघितलेला, लेक त्यांच्याच घरी बसून विणायला शिकली. त्यांना शंका यायचं कारणच नव्हतं. ज्या पोपटामुळे मला तो खरा वाटला त्याच पोपटामुळे काकूंनाही. त्या बिचाऱ्या अजून जिन्यात भेटल्या की माझ्याकडे बघत नाहीत, मी किती सांगितलं तुमची काही चूक नाही तरी.

कपाटाची चावी देव्हाऱ्याच्या मागे, जिथे निम्म्या महाराष्ट्राची असते. आहेराची पाकिटं, चांदीची ताटवाटी, सासूबाईंच्या दोन पाटल्या गेल्या. बाकी दागिने लग्नासाठी अंगावर होते म्हणून वाचले. घरात काही फेकाफेक नाही, दार नीट ओढून लॅच लावून गेले. लॅच लावून गेले हे मला का कुणास ठाऊक सगळ्यात जास्त लागलं.

११२ ला फोन केला, पोलीस आले, पंचनामा, बोटांचे ठसे वगैरे. गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ खाली नोंदला, म्हणजे राहत्या घरातली चोरी, जुन्या भारतीय दंड संहितेतलं ३८०. पण दुपारची नोंद तर पर्स गहाळची! म्हणजे कागदावर माझ्या हातून पर्स पडली आणि संध्याकाळी कुणीतरी आलं. कार्यालयातलं फुटेज देऊन, अर्ज करून ते जोडून घ्यायला आठवडाभर खेटे घातले. त्यामुळे कोणी कितीही म्हणो गहाळ लिहा, तुमची वस्तू उचललीय असं वाटत असेल तर चोरी म्हणूनच तक्रार द्या आणि त्यात चाव्या किती आणि कशाच्या ते स्पष्ट लिहून घ्या. माझ्या पहिल्या अर्जात नुसतं "पर्स व इतर सामान" होतं.

घराचा विमा होता आमचा, गृहकर्जाबरोबर घेतलेला, मला वाटलं चला निदान तेवढं. पण घरफोडीच्या बऱ्याच पॉलिसींत कुलूप तोडलं, दार फोडलं, जबरदस्तीने शिरले अशी खूण लागते. आमच्याकडे ओरखडासुद्धा नाही. किल्लीने उघडलेलं घर म्हणजे त्यांच्या दृष्टीने उघडंच. क्लेम अजून लटकलेला आहे.

त्या रात्री दिराने जे केलं ते खरं दुपारीच करायला हवं होतं. कुठूनतरी नवीन कुलूप आणलं आणि दाराला कडी-कोयंडा ठोकून दिला. आमच्या दाराला पूर्वी होता, रिनोव्हेशनच्या वेळी इंटीरियरवाल्याने काढला, दिसायला गावठी दिसतो म्हणून. अडीचशे-तीनशेचं कुलूप त्या गावठी कोयंड्याला असतं तर पोपटवाला दारातूनच परत गेला असता. दुसऱ्या दिवशी लॅचचा सिलिंडर बदलला. बऱ्याच लॅचमध्ये पूर्ण कुलूप नाही बदलावं लागत, चावी फिरते तो आतला भाग बदलला की झालं, आमचे सेफ्टी डोअर धरून साडेतीन हजार गेले. डुप्लिकेट चावी करणं म्हणजे कुलूप बदलणं नव्हे, हे मला नवऱ्याला दोनदा समजावून सांगावं लागलं.

आणि कपाटाच्या चावीसाठी रस्त्यावरून ओरडत जाणाऱ्या चावीवाल्याला बोलावू नका. मी बोलावला होता! त्याने लॉकरच्या कुलपात काहीतरी तेल घातलं आणि म्हणाला दोन तास उघडू नका, चावी बसायला वेळ लागतो, मी नंतर येतो. हा प्रकार जुना आहे, तो गेल्यावर दोन तासांनी उघडायचं तेव्हा आतलं गायब. नशीब सासूबाई तिथे खुर्ची टाकून बसल्या होत्या, म्हणाल्या उघड, माझ्यासमोर बंद कर, मग जा. त्याला एकदम आठवलं की चावी लगेच पण बसते.

आता गाडी. माझा समज होता की दुसरी चावी आहे म्हणजे प्रश्न मिटला. पण पहिली चावी चोराकडे आहे आणि गाडी रोज त्याच पत्त्यावर उभी! शोरूमची वेळ चार दिवसांनी मिळाली, तोवर दीर रोज रात्री दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची वायर काढून ठेवायचा आणि गाडीच्या पुढे स्वतःची गाडी आडवी लावायचा. शोरूममध्ये कळलं, चावीत चिप असते, ती गाडीच्या कॉम्प्युटरने ओळखली तरच इंजिन सुरू होतं, आणि हरवलेल्या चावीची ओळख ते त्यातून काढून टाकू शकतात. त्यासाठी उरलेली चावी बरोबर न्यावी लागते. मग जुन्या चावीने गाडी चालू होत नाही, पण दार उघडतं, कारण दाराला चिपशी देणंघेणं नाही, तिथे चावीचं पातंच चालतं. तेही बंद करायचं तर लॉकसेट बदला. आमचं बिल नवीन चावीसकट एकवीस हजार. चावी बदलायचा खर्च देणारं 'की रिप्लेसमेंट' नावाचं कव्हर मिळतं विम्यात, आम्ही काही रुपये वाचवायला ते दोन वर्षांपूर्वी काढून टाकलेलं, असो.

पण बिलापेक्षा महत्त्वाचं हे की गाडीच्या विमा कंपनीला लगेच मेल टाका, एफआयआरची कॉपी जोडून. उद्या गाडी चोरीला गेली तर क्लेमला ते दोन्ही ओरिजिनल चाव्या मागतात आणि एकच दिली की पहिला संशय तुमच्यावर, की चावी गाडीत ठेवलीत का, कुणाला दिलीत का. आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं कार्डही आता गाडीत ठेवत नाही, त्यावर पत्ता असतो, डिजिलॉकरमधली दाखवली तर चालते.

चाव्या आता दोन वेगळ्या कड्यांत आहेत, कशालाच काही लटकवलेलं नाही. लेक रुसली थोडी. काकूंना सांगून ठेवलंय की कुणाच्याही हातात आमची चावी दिसली तरी आधी मला फोन करायचा, पोपटासकट दिसली तरी.

मागच्या मंगळवारी बँकेत असताना फोन आला, मॅडम पर्स सापडली आहे, चौकीतून बोलतोय. मी फोन ठेवला आणि आपल्या बाजूने चौकीच्या लँडलाइनला लावला, तर खरंच तिथूनच होता, हवालदार हसायला लागले. कार्यालयामागच्या नाल्याजवळ कुणा कचरावेचक मावशींना मिळाली म्हणे. आधार नाही, चाव्या नाहीत. गुलाबी पावती मात्र तशीच आत, चार घड्या केलेली. ब्लाऊज अजून टेलरकडेच पडलाय.